ओतीव गोळ्यांना मेण, आलॉक्स की पावडर कोटिंग? माझं म्हणणं: आधी माप घ्या

ओहायोकर:
गेल्या महिन्यात इथल्याच एका मित्राचा फोन आला. त्याने ०.३८ स्पेशलचं जुनं रिव्हॉल्व्हर घेतलंय. शिसं वितळवून गोळ्या स्वतः ओततो, ०.३५७ इंचाच्या डायमधून काढतो (डाय म्हणजे गोळी दाबून नेमक्या मापाची, म्हणजे साईझ, करणारी पोलादी कडी) आणि आलॉक्स हे मेणचट वंगण लावतो. पन्नास गोळ्या झाडल्या की नळीत शिशाचे चकचकीत पापुद्रे. ब्रशने घासघासून खांदा दुखायला लागला म्हणाला. चार जणांना विचारलं, चौघांनी वंगण बदलायला सांगितलं. दोनदा बदललं, पापुद्रे तसेच.

हा धागा त्यासाठीच काढलाय. वंगणावर आपण तासन्‌तास भांडतो आणि मापाकडे कुणी बघत नाही. पिंपरीच्या टूलरूममध्ये मी शिकलो तेव्हा एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इकडेतिकडे झाला तरी उस्ताद जॉब परत द्यायचे. इथे तर सगळा खेळच एका थाऊचा आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी सिलेंडरच्या पुढच्या तोंडातून, म्हणजे थ्रोटमधून जाते आणि मग नळीत शिरते. थ्रोटमध्ये ती सैल असली की तापलेला वायू तिच्या कडेने पुढे सटकतो, शिसं कापत नेतो आणि नळीला थापतो. तुम्ही उत्तमातलं उत्तम मेण लावा, ही फट मेणाने बुजत नाही.

बघायचं कसं? रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना हे दोनदा तपासा, सिलेंडर साफ करा आणि साईझ केलेली गोळी पुढून थ्रोटमध्ये धरा. आपणहून खाली पडली तर ती बारीक आहे. पेन्सिलीने हलकं दाबल्यावर सरकली तर बरोबर. नळीचं माप घ्यायला मऊ शिशाचा तुकडा तेल लावून लाकडी दांड्याने ठोकत पार करायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. मात्र नळीच्या आतल्या पीळदार खोबणी पाच असतील तर समोरासमोर दोन खोबणी येतच नाहीत, साधा मायक्रोमीटर फसवतो. त्याला व्ही-ॲनव्हिलचा, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत तुकडा धरणारा लागतो.

माप कळलं की नवशिक्याने पॅन ल्यूबच करावं, या मताचा मी आहे. गोळ्या बुडावर उभ्या करून थाळीत मांडायच्या, अर्धं मधमाश्यांचं मेण आणि अर्धं आलॉक्स वितळवून गोळीच्या अंगावरच्या वरच्या खोबणीपर्यंत ओतायचं. थंड झालं की वड्यांसारखी थाळी सुटते. बूड कापलेल्या रिकाम्या काडतुसाच्या नळकांड्याने एकेक गोळी काढायची आणि प्रेसवरच्या साध्या डायमधून पार करायची. खर्च थोडा, आणि प्रत्येक गोळी हातातून जात असल्याने साच्याची खोड लगेच दिसते.

कायद्याचंही सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर मात्र बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारूनच. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, म्हणून तिकडच्या कुणी यातलं काही करून बघू नये.

वाळवंटी:
मापाचं पटलं, पॅन ल्यूबचं अजिबात नाही. मी फीनिक्सजवळ राहतो. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. त्यात आलॉक्स मिसळलं की अजून लवकर मऊ पडतं. उन्हाळ्यात गाडीत डबा राहिला की गोळ्या चिकट होतात, वंगण काडतुसातल्या दारूत उतरायची भीती वेगळीच. पाच वर्षं झाली, मी फक्त पावडर कोटिंग करतो. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या, एअरसॉफ्ट या खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लास्टिकचे मणी आणि चमचाभर रंगीत पॉलिएस्टर पावडर घालून मिनिटभर हलवायचं, चिमट्याने उचलून जाळीवर मांडायचं आणि २०० अंशांवर वीस मिनिटं भाजायचं. मग साईझ. थंड गोळी ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटी करा. कोट नीट बसला असेल तर गोळीची चकती होते, पण रंग उडत नाही. बंदिस्त रेंजवर मेणाच्या गोळ्यांचा धूर शेजारच्या लेनपर्यंत जातो, माझ्या गोळ्यांचा जात नाही. नवशिक्याला कालची पद्धत शिकवून मग आजची शिकायला लावायची, हे कशासाठी?

ओहायोकर:
कारण कोटाने गोळीची जाडी एक-दोन थाऊ वाढते आणि माणसाला वाटतं, सगळं मिटलं. पण तो कोट नाकावरही चढतो. काही साच्यांच्या गोळ्या मग चेंबरमध्ये पूर्ण बसत नाहीत. शिवाय पाण्यात टाकून कडक केलेल्या गोळ्या २०० अंशांवर पुन्हा मऊ पडतात. तुम्हाला हे माहीत आहे, नवख्याला नसतं.

प्रेसवाला:
दोघांशीही असहमत. मी आठवड्याला तीनशे गोळ्या झाडतो. पॅन ल्यूबमध्ये तीन वर्षं संध्याकाळी घालवल्या, आता त्याचं वाईट वाटतं. ल्यूब-सायझर घ्या. दांडा खाली ओढला की गोळी साईझही होते आणि खोबणीत वंगणही भरतं. महाग आहे, प्रत्येक मापाची डाय वेगळी, नाकाच्या आकाराचा टॉप पंच वेगळा. तो पंच चुकीचा घेतलात तर गोळी तिरकी दाबली जाते आणि दोष मशीनला लागतो. स्टार कंपनीच्या ल्यूब-सायझरमध्ये गोळी नाक पुढे करून सरळ पार होते, तिथे ही भानगडच नाही. जुनं मशीन नीट राखलं तर मुलाच्या हाती देता येतं. ओहायोकर, तुम्ही टूलरूमचे ना? मग एका कामाला दोन सेटिंग का?

काळी दारू:
तुम्ही सगळे धूररहित दारूचं बोलताय. मी मझल-लोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक चालवतो, तिथे वंगणाचं कामच निराळं. काळ्या दारूची राख नळीत कडक पापडीसारखी बसते, तिला मऊ ठेवायला चरबी आणि मेण लागतं. पावडर कोट तिथे काही कामाचा नाही. आपल्याला हे नवं वाटायला नको. १८५७ च्या उठावाच्या वेळची एनफिल्ड रायफल ०.५७७ इंचांची होती, आणि तिची गोळी नळीत उतरावी म्हणून काडतुसाचं टोक चरबी-मेणात बुडवत. वंगण हवंच होतं. कुणाची चरबी हे सैनिकांना स्पष्ट सांगितलं नाही, तिथे विश्वास गेला. जानेवारी १८५७ मध्येच हुकूम निघाला होता की काडतुसं बिनवंगणाची द्यावीत आणि सैनिकांनी आपल्याला चालेल ते लावावं. तोवर उशीर झाला होता. मी स्वतः मेण आणि तूप वापरून पाहिलंय, थंडीत चांगलं चालतं.

दोघांची आई:
माझ्या नवऱ्याला हाच छंद आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण एवढ्या चर्चेत शिशाच्या धुळीबद्दल एक ओळ नाही, याचा मला राग आला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. आमच्याकडे वितळवलेल्या शिशावरची राख गॅरेजच्या झाडूला लागली आणि तोच झाडू घरात आला. धाकटी तेव्हा रांगत होती. तिची तपासणी ठीक आली, पण निकाल येईपर्यंतचे चार दिवस मी विसरणार नाही. वाळवंटी, तुमच्या भट्टीबद्दल लिहिताना एवढंही लिहा की एकदा गोळ्या भाजल्या की तो ओव्हन स्वयंपाकघरात परत कधीच नाही. बूट, कपडे, हात, सगळं दाराबाहेर.

वाळवंटी:
बरोबर आहे, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. माझा ओव्हन शेडमध्ये आहे आणि त्यावर लाल रंगाने लिहिलंय. भरताना बोटांना शिसं कमी लागतं म्हणूनही मी कोटिंगकडे वळलो. ओतायच्या वेळी मात्र धोका तोच.

ओहायोकर:
वहिनी, माझीही चूक. राख काढतो ती झाकणाच्या डब्यात, आणि फरशी ओल्या फडक्याने पुसतो, झाडत नाही. बंदिस्त रेंजवर जाणाऱ्याने कोटिंग करावं, हे वाळवंटींचं म्हणणं मी मान्य करतो. पहिल्या साच्यासोबत पॅन ल्यूब, हे मात्र सोडत नाही.

नवा चाप:
ज्याच्यावरून धागा निघाला तो मी. काल सगळं मोजलं. सहाही थ्रोट ०.३५८, आणि माझ्या ०.३५७ च्या गोळ्या त्यातून टपकन खाली पडतात. साच्यातून गोळी ०.३५९ ची येते, म्हणजे मीच पैसे देऊन ती बारीक करत होतो. ०.३५८ ची डाय आणली. आलॉक्स तेच, दारू तीच. आज पन्नास झाडल्या. नळीच्या सुरुवातीला बोटभर करडी छटा आहे, ती दोन फडक्यांत निघाली. वाळवंटी, या मापावर कोट चढवून बघायचाय. वीस गोळ्या पाठवू का?