हिमालयात ट्रेकला नेमकं कधी जावं? सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

"हिमालयाला चांगला सीझन कुठला?" असं विचारलं की जो तो आपण गेलेला महिना सांगतो आणि विषय तिथंच संपतो. म्हणून जाणकारांना आग्रहाचं आमंत्रण. प्रवासवर्णन नको, सूर्योदयाचं कौतुक नको. कुठला भाग, कुठला महिना, तेव्हा वाटेवर काय असतं, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा. सुट्टीचाही हिशेब धरा. शिक्षकाला मे मोकळा असतो, बागायतदाराला नसतो.

चारभिंती, सातारा

सुरुवात मी करतो. सुमारे 2,400 किलोमीटर लांबीच्या रांगेला एकच सीझन कसा असेल? आपल्या एका जिल्ह्यात महाबळेश्वर पावसानं कुजतं आणि माण-खटाव टँकरची वाट बघतं, तसंच तिकडं आहे. मान्सून उत्तराखंड आणि हिमाचलात जूनच्या अखेरीस पोचतो, सप्टेंबरच्या शेवटी निघतो. दार्जिलिंग-सिक्कीमला तो आधी येतो आणि उशिरा जातो. पीर पंजालची डोंगररांग ओलांडून लाहौल, स्पिती, लडाखला गेलं की ढग रिकामे झालेले असतात. हिवाळ्यातला बर्फ आणतात पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारे वादळी पट्टे), साधारण डिसेंबर ते मार्च.

हा फरक एकाच ट्रेकमध्ये बघायचा तर हामटा पास. मनालीच्या बाजूला जोबऱ्याहून चढताना हिरवं, ओलं खोरं. 4,270 मीटरची खिंड उतरून शिया गोरूकडे गेलात की उघडा कोरडा डोंगर. जूनच्या उत्तरार्धात खिंडीत भरपूर बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला चिखल आणि रस्ते बंद. सप्टेंबरात बर्फ जवळजवळ नाही, पण आकाश स्वच्छ. बर्फ हवा की दिसायला हवं, ते आधी ठरवा. दोन्ही एका वेळी क्वचित मिळतं.

शिया गोरूच्या ओढ्याबद्दल थोडं. वर दिवसभर बर्फ वितळतो, ते पाणी दुपारी खाली पोचतं. सकाळी गुडघ्याखाली असलेला ओढा तीन वाजता मांडीला लागतो. म्हणून ओढा सकाळीच ओलांडायचा. बूट काढून फ्लोटर घालायचे, अनवाणी उतरायचं नाही, कारण पाणी इतकं गार असतं की तळपाय मिनिटाभरात बधिर होतो आणि दगड कळत नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे.

बुधगावकर, सांगली

मास्तर लोकांसाठी मे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात साडेतीन हजार मीटरच्या वर बऱ्याच ठिकाणी जुना बर्फ असतो. पहाटे तो घट्ट, त्यावरून बूट नुसता घासत जातो, तेव्हा मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायचे लोखंडी दाते) हवेत. दहानंतर वरचा थर मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत खचतो. तासाभराची वाट तीन तास खाते. खिंडीच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघायचं ते यासाठी. गेटर (बुटाच्या वर पोटरीला बांधायचं कापडी आवरण) नसतील तर बर्फ बुटात शिरतो, मोजे भिजतात आणि पुढचा दिवस वाया जातो.

मेअखेर ते जून ओढ्यांवरच्या बर्फाच्या पुलांपासून सांभाळा. वरून शाबूत दिसतात, खालून पाण्यानं पोखरलेले असतात. गाइड काठीनं ठोकून बघतो, तोवर थांबा, आणि एका वेळी एकानंच जा.

दुपारी ढग दाटून गारा पडणं हे मेमध्ये रोजचं. बारा-एकच्या आत तंबूत पोचेल असा दिवस आखा. आणि जूनच्या सुरुवातीला सगळं निवळतं, हा समज सोडा. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर हिमवादळात सापडून नऊ जण गेले.

खरडछाटणी, तासगाव

द्राक्षवाल्यांचं गणित कुणी मांडत नाही, म्हणून लिहितो. ऑक्टोबरात फळछाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), फवारण्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढायचा, एप्रिलमध्ये खरडछाटणी, मेमध्ये सबकेन (काडीला नवा फुटवा काढणं). म्हणजे ज्या दोन सीझनांना सगळं जग हिमालयात जातं, तेव्हाच आपण बागेत. मोकळीक मिळते ती जुलै-ऑगस्टमध्ये, ती पण करपा-डाऊनी हे रोग बघायला घरात कुणी असेल तर.

पण हेच दोन महिने तीन ठिकाणी उत्तम. पहिलं काश्मीर ग्रेट लेक्स, सोनमर्ग ते नारानाग. खिंडींतला बर्फ जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, म्हणून 10 जुलैनंतरची तारीख धरा. कुरणं हिरवी असतात, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पिवळी पडतात. वाटेत लष्कराच्या चौकीवर मूळ ओळखपत्र बघतात, झेरॉक्स चालत नाही. बाहेरचं प्रीपेड सिमही तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं. त्या वर्षी परवानगी चालू आहे का, हे ॲडव्हान्स भरायच्या आधी विचारा.

दुसरं लडाखची मारखा व्हॅली. लेहलाच 3,500 मीटर उंची आहे. विमानानं उतरलात तर दोन रात्री नुसतं बसायचं, किल्ले-बाजार काही नाही. शेवटची कोंगमारू ला खिंड सुमारे 5,200 मीटर, तिथं घाई अंगाशी येते.

तिसरं उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. दार 1 जूनला उघडतं, 31 ऑक्टोबरला बंद होतं, पण फुलांसाठी मधल्या जुलैपासून मधल्या ऑगस्टपर्यंतच जा. आत मुक्काम करू देत नाहीत. रोज पायथ्याच्या घांघरिया गावाहून जायचं आणि परतायचं. पाऊस असणारच, पाऊस आहे म्हणून फुलं आहेत. खरी अडचण ऋषिकेश ते जोशीमठ रस्ता. दरड आली की दिवसभर गाडीत बसून राहावं लागतं. दोन दिवस जादा धरल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. रात्रीचा प्रवास तर नकोच. 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीत ओढ्याला अचानक आलेल्या लोंढ्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ओढ्याकाठच्या हॉटेलपेक्षा जरा वरचं बघा, भाडं जास्त पडलं तरी.

(कासची फुलं सप्टेंबरात, तिकडची ऑगस्टच्या सुरुवातीला. एकाच वर्षात दोन्ही जमतात.)

कृष्णाकाठ, कराड

ऑक्टोबरबद्दल कुणीच नाही लिहिलं? माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यानं ऑक्टोबरच धरावा. मान्सून गेलेला, धूळ बसलेली, शिखरं लख्ख. दार्जिलिंगकडच्या संदकफूहून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट एकाच ठिकाणाहून बघायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. तिथलं सिंगालिला उद्यान 16 जून ते 15 सप्टेंबर बंद असतं, हे लक्षात घेऊनच बेत करा. एप्रिलमध्ये तिथं बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, पण दुपारनंतर धुकं.

नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पलाही हाच काळ. एक गोष्ट एजंट आधी सांगत नाहीत: गर्दीच्या सीझनला लुक्लाची (जिथून चालायला सुरुवात होते) बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. म्हणजे रात्री दीड-दोनला निघून चार-पाच तासांचा जीपचा रस्ता. हवा बिघडली की विमान रद्द. दोन दिवस हातात हवेतच.

आयर्विन, सांगली

दादा, बाकी पटलं, पण ऑक्टोबर म्हणजे बिनघोर असं नवख्यांना सांगू नका. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर नेपाळातल्या अन्नपूर्णा सर्किटच्या थोरोंग ला खिंडीवर उतरला आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये उत्तराखंड-हिमाचलामधल्या लमखागा खिंडीच्या वाटेवरही बर्फात सापडून ट्रेकर गेले. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की चार-पाच दिवसांनी हिमालयात बर्फ पडू शकतो. त्यामुळं ऑक्टोबरात हवामान खात्याचं डोंगराचं पान बघताना उपसागराचंही बघा. अंदाज तीन दिवसांपलीकडे धरू नका.

आणि थंडी. आकाश निरभ्र असलं की रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. दिवसा टी-शर्टवर हिंडणारा माणूस रात्री कुडकुडतो, तो यामुळं. नोव्हेंबरमध्ये वरचे झरे गोठतात. पाणी कुठं मिळेल हे गाइडला आदल्या रात्रीच विचारा.

हरिपूर संगम

बर्फात चालायचंय, पण सोपं हवंय, अशांना उत्तराखंडातला केदारकंठा. सांक्रीहून चढाई, माथा सुमारे 3,800 मीटर. लोक नाताळच्या आठवड्यात जातात. तेव्हा माथ्यावर रांग लागते, आणि डिसेंबरात बर्फ पडेलच याचीही खात्री नसते. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा कितीतरी बरा. उत्तराखंडातलाच ब्रह्मताल ट्रेकही त्याच दिवसांत.

हिवाळ्यात किती गार पडेल हे काढायला एक हिशेब पुरतो: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरवा. पायथ्याचं गाव 2,000 मीटरवर असेल आणि तिथं पहाटे शून्य असेल, तर 3,800 मीटरच्या तंबूत उणे बारा. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. कम्फर्टचाच धरा. लिमिट म्हणजे माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो.

छोट्या गोष्टी: पाण्याची बाटली तंबूत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळं तोंडाशी पाणी मोकळं राहतं. नळीनं पाणी प्यायची पिशवी हिवाळ्यात बिनकामाची, नळी आधी गोठते. नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याखाली पेटायला नखरे करतो, प्रोपेन मिसळलेला डबा आणा. मोबाइल, पॉवरबँक आणि ओले मोजे स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सुती बनियन घरी ठेवा. घाम धरतो आणि थांबलं की अंग गार पाडतो. सांगलीचं भडंग न्या. चॉकलेट दगड होतं, भडंग होत नाही.

माहुली (डॉक्टर)

सीझन कुठलाही असो, उंची तीच राहते. 4,000 मीटरवर श्वासातून समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू मिळतो. कळसूबाईच 1,646 मीटरची आहे, त्यामुळे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी दम वाढतो, उंचीची सवय होत नाही. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे 3,440 मीटर, दिंगबोचे 4,410. दोन्हीकडे विश्रांतीचा दिवस धरतात तो उगाच नाही.

उंचीच्या त्रासावरची गोळी ॲसिटाझोलामाइड साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचंच. डोकं दुखतंय आणि जेवण नको वाटतंय, तर वर जायचं नाही. बोलताना अडखळतोय, सरळ रेषेत चालता येत नाही, बसूनही धाप लागतेय, तर अंधार असला तरी खाली आणायचं. गोळी देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही.

यवतेश्वर घाट

तयारीही सीझनवर ठरते. मेचा ट्रेक असेल तर सराव फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे उन्हाच्या आधी, साडेपाचला यवतेश्वर किंवा अजिंक्यतारा. ऑक्टोबरचा असेल तर सराव पावसात. गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, घाटाचा डांबरी रस्ता बरा. बारा आठवडे द्या. 5 किलोमीटर 35 मिनिटांत, आणि शेवटचे चार आठवडे पाठीवर 8 किलो घेऊन चढ-उतार. उतरायचा सराव कुणी करत नाही आणि गुडघे तिथंच जातात. सांगलीकरांना चढ नाही, तर इमारतीचा जिना, रविवारी दंडोबा.

मिरज जंक्शन

दिल्लीच्या निजामुद्दीनला जायला गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा करत जाते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, मे आणि दिवाळीत स्लीपर लगेच भरतो. ट्रेकची बॅच आणि रेल्वेची तारीख एकत्र ठरवा. आणि उत्तराखंडातल्या रूपकुंडाचं स्वप्न असेल तर: 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्याळांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) मुक्कामाला बंदी घातली, आणि रूपकुंडाची वाट अशाच कुरणांतून जाते. पॅकेज विकणाऱ्याला मुक्काम कुठं, ते थेट विचारा.

वाईची मेणवली

आई साठीची आहे, रोज घाटावर चालते, गुडघे ठीक. तिला एकदा बर्फाची शिखरं दाखवायची आहेत. कुठं नेऊ?

चारभिंती, सातारा

ताई, काकूंना उत्तराखंडातल्या चोपता-तुंगनाथला न्या. मंदिर 3,680 मीटरवर, चोपत्यापासून चारेक किलोमीटरची फरसबंद वाट. मेचा दुसरा पंधरवडा किंवा ऑक्टोबरचा पहिला. कपाट (मंदिराचं दार) उघडण्याची तारीख मंदिर समिती दरवर्षी जाहीर करते, ती बघून तिकीट काढा. चोपत्याच्या आधी एक रात्र उखीमठला राहा. सकाळी सहाला चढायला सुरुवात, दर अर्ध्या तासानं बसणं, दुपारी दोनच्या आत खाली. मंदिराच्या वरचं चंद्रशिला शिखर वर दिसत राहील. तो शेवटचा चढ काकूंचा श्वास बघून ठरवा.