८ मार्चला सत्कार कुणाचा? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

सचिव : महिला दिनासाठी सत्कारमूर्ती सुचवा. यंदा एखादी एव्हरेस्टवीर आणू म्हणतोय. शाल-श्रीफळाचा खर्च मंजूर आहे.

अनघा : शिखर गाठणाऱ्यांचे सत्कार सगळेच करतात. त्यांना वर नेऊन धडधाकट खाली आणणाऱ्या गाइड बायकांचं काय?

नाना (बी-१०१) : गाइड पैसे घेते, वाट दाखवते. त्यात सत्कार कसला?

अनघा : नाना, बँक तुम्हाला पगार देतच होती. तरी निरोप समारंभात हार घेतलेत की 😄

नाना : 🙏

अनघा : दिवाळीत आम्ही नेपाळात अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर होतो. आमची गाइड पोखऱ्याचीच, सगळे तिला दिदी म्हणायचे. "बिस्तारै, बिस्तारै" म्हणत ती मुद्दाम हळू चालायची. माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर, ह्यांचं डोकं ठणकायला लागलं. हे म्हणे, गोळी घेतो, चला. तिनं टाचेला पुढचा पंजा चिकटवत सरळ रेषेत चालायला लावलं. तोल जातोय, म्हणजे उंचीचा त्रास होतोय, हे दिसताच ह्यांची सॅक स्वतःच्या खांद्याला लावली आणि खाली फिरवलं. ४,१३० मीटरचा अन्नपूर्णा बेस कॅम्प अगदी जवळ आला होता. हे पोखऱ्यापर्यंत फुगून बसले.

मिलिंद : फुगलो नव्हतो. डोकं दुखत होतं.

मेधाकाकू : अगो, पण मुद्दाम बाईच घेतलीत का गाइड?

अनघा : हो काकू. पोखऱ्यात लकी, डिकी, निकी छेत्री या तीन बहिणींचं लॉज होतं. पुरुष गाइडनी त्रास दिल्याची गाऱ्हाणी ट्रेकर बायका तिथे येऊन सांगायच्या. मग १९९४ मध्ये या बहिणींनी स्वतःच हे काम सुरू केलं. १९९९ मध्ये संस्था काढली, खेड्यातल्या मुलींना गाइडचं प्रशिक्षण देतात. आज तिथे बाई गाइड मिळते ती अशांमुळे.

ओंकार : दावा यांगझुम शेर्पा विसरू नका. आयएफएमजीए या गिर्यारोहण गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा परवाना मिळवणारी नेपाळची पहिली महिला. खडक, बर्फ, स्की, हिमस्खलनातली सुटका, सगळ्यात पास व्हावं लागतं. २०१४ ला के-२ शिखर केलं, २०२४ ला ८,००० मीटरवरची चौदाही शिखरं पूर्ण.

नाना : मग हिलाच बोलवा!

सचिव : विमानाचं तिकीट शाल-श्रीफळात बसत नाही नाना.

मेधाकाकू : पासांग ल्हामु शेर्पा १९९३ ला एव्हरेस्टवर पोचली, नेपाळची पहिली बाई. उतरताना गेली बिचारी. मग पुतळा, टपाल तिकीट, रस्त्याला नाव. इथे काय, तिथे काय, माणूस गेल्यावरच सुचतं.

अनघा : म्हणून म्हणते, शाल राहू दे. जूनमध्ये आपली मंडळी लडाखला निघालीच आहेत. थिनलास चोरोल यांनी २००९ मध्ये तिथे लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी काढली, गाइड बायकाच. तिथे विचारा. गाइडचा विमा आहे का ते बघा, टिप तिच्या हातात द्या, आणि परत आल्यावर रिव्ह्यूमध्ये तिचं नाव लिहा. "गाइड छान होती" एवढ्यावर नको. पुढचं गिऱ्हाईक नाव घेऊन तिलाच मागतं. आणि घासाघीस करू नका.

नाना : अजिबात नाही? थोडीसुद्धा?

मेधाकाकू : नाना!

नाना : बरं. माझ्या गुडघ्यांना झेपेल असं काही आहे का तिकडे?

अनघा : शाम व्हॅली. लिकीर ते तेमिसगाम, मुक्काम गावातल्या घरांत.

नाना : लिहा माझं नाव.

सचिव : नानांना वेगळी खोली मिळते का तेवढं विचारा. घोरतात.