एकच बारा बोरची बंदूक, शेतालाही आणि रेंजलाही: जमेल का?

केळीचा बांध:
रावेर तालुक्यात केळी, बांधापलीकडे मका. आजोबांची दुनळी, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बंदूक, आता माझ्या परवान्यावर आहे. दस्त्याला तडा गेलाय, गावातल्या सुतारानं तांब्याची पट्टी ठोकून दिलीय. नवी घ्यायचा विचार आहे. रेंजवर ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायचा खेळ, खेळायचंय, आणि रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळालीच तर तिथंही तीच चालावी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं बसतात, म्हणून एकीतच भागवायचंय. माझं मत: वर-खाली नळ्यांची, बदलत्या चोकची घ्यावी (चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण, छर्रे किती पांगतील ते तीच ठरवते). पटत नसेल तर भांडा.

दुनळीच बरी:
काय भो, केळीला भाव जास्त मिळाला का यंदा? आडव्या दुनळीत सहसा उजवी नळी हाफ चोक, डावी फुल, म्हणजे जास्त आवळलेली. दोन चाप. जवळचं असलं तर पुढचा ओढ, लांबचं असलं तर मागचा. अंधारात मक्याची ताटं कडाकड मोडतायत, तेव्हा तू काय खिशातून चावी काढून चोक बदलत बसणार? पट्टी ठोकलेला दस्ता बदल, बंदूक तीच ठेव.

तबकडी:
रेंजवर कधी गेलात का दादा? ट्रॅपला तबकडी समोरून वर उठत लांब पळते. वर-खाली नळ्यांत नेमाची रेघ एकच राहते, आडवीत डोळ्यापुढे दोन नळ्यांचा रुंद पाट येतो. आणि ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम बारीक छर्रे. दिवसभर १०० बार काढले की हलकी जुनी दुनळी खांदा सोलून काढते.
पण मालकांना एक सांगतो, निव्वळ ट्रॅपची बंदूक घेऊ नका. ती मुद्दाम नेमाच्या थोडं वर मारते, कारण तबकडी चढत असते. तीच जमिनीवरच्या डुकरावर धरली तर बार पाठीवरून जाईल.

दुनळीच बरी:
बघा, स्वतःच कबूल केलं! एकच बंदूक दोन्हीकडे चालत नाही.

तबकडी:
चालते. सरळ मारणारी घ्यायची. रेंजला फुल चोक, शेतासाठी आदल्या संध्याकाळीच मोकळा चोक चढवून ठेवायचा. अंधारात चावी कशाला? छर्ऱ्यांऐवजी एकच अखंड गोळी मारायची असेल तर फुल चोक नकोच.
आणि जुनीचं कौतुक करण्याआधी तिचा कक्ष, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. कित्येक जुन्या बारा बोर ६५ मिलिमीटरच्या आहेत. आजचं ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, फसगत तिथंच होते. उडताना तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

सातपुड्याची वाट:
तुम्ही चोकवर भांडताय, मी मुळावर येतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती, यांनंतर हौसेची शिकार संपली. परवानगी मिळाली तरी डुक्कर पडलं नाही, जखमी झालं, तर? माझ्या चुलत्यांनी मक्यात रक्ताचा माग काढला होता. डुक्कर दहा पावलांवरून अंगावर आलं, मांडीला टाके पडले. आमच्याकडे आता झटका मशीन आहे, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं. तार जमिनीपासून वीतभर वर, खालचं गवत दर आठवड्याला कापायचं, नाहीतर झटका गवतातूनच उतरतो.

दुनळीच बरी:
पाऊस झाला की आमचं मशीन टिकटिक करतं आणि डुक्कर खालून जातं, नाना.

केळीचा बांध:
काल रेंजवर आजोबांची नेली. कक्ष ७० चाच निघाला, बंदूक तपासणाऱ्यानं दस्ता सोडून सगळी ठीक म्हटलं. जुनी चादर टांगून ४० यार्डांवरून दोन्ही नळ्यांचा एकेक बार काढला. ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोकनं साधारण ७० टक्के छर्रे टाकायला हवेत. डावीनं टाकले. उजवीचे इतके पांगले की मधून कबूतर सुखरूप जाईल. हाफची ६० टक्क्यांची अपेक्षा होती, निम्मेसुद्धा आत नव्हते. कुणीतरी कधीतरी ती घासून मोकळी केली असणार. आजोबा कधी बोलले नाहीत.
सरळ मारणारी वर-खालीच घेतोय. नाना, झटक्याची तारही ओढतोय. गवत कापायला मात्र माणूस मिळेना.