काळ्या पाण्याहून परत आलेल्या खापरपणजोबांची नोंद कुठे सापडेल?

नदीकाठ:
खापरपणजोबा जुन्नरकडचे. दरोड्याच्या खटल्यात जन्मठेप होऊन अंदमानात गेले. घरी एवढंच सांगतात की मोठ्या दुष्काळात गेले आणि प्लेगच्या साली परत आले. तोवर खापरपणजीने कुंकू पुसलं होतं. खटल्याचे कागद शोधले, पण राणू नावाचे किती निघतात! कुठून सुरुवात करू?

मोडीवाचक:
शिक्षेकडून नको, सुटकेकडून सुरुवात करा. दुष्काळ १८७६-७८चा, पुण्याचा प्लेग १८९७चा. मधली वीस वर्षं बघा. वर्तणूक चांगली असली तर जन्मठेपेच्या कैद्याला साधारण २० ते २५ वर्षांनी सोडत. तुमच्या घरची आठवण पक्की आहे!
दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याची 'पोर्ट ब्लेअर' शाखा आहे. तिची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या चाळता येते. इंग्रजीत 'रिलीज' आणि 'लाइफ कन्व्हिक्ट' टाकून १८९५ ते १९०० बघा. मग मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे त्याच वर्षांचे खंड मागवा.

सह्याद्री_७:
नावापेक्षा कैदी क्रमांकाच्या मागे लागा. गळ्यातल्या बिल्ल्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख असे. सावरकरांचा क्रमांक ३२७७८, सुटकेचं साल १९६०! क्रमांक मिळाला की एकाच नावाची माणसं वेगळी करता येतात. तेव्हाच्या दंडसंहितेत दरोडा म्हणजे कलम ३९५, खून झाला असेल तर ३९६. राणूचं स्पेलिंग साहेबाने कसंही केलं असेल, सगळी करून बघा.

टापूवरची:
पोर्ट ब्लेअरला कागद मिळतील या आशेने तिकीट काढू नका. १९४२-४५च्या जपानी अमलात तिथलं पुष्कळ दप्तर गेलं.
आणखी एक, जरा जपून सांगते. दहाएक वर्षांनी कैद्याला 'टिकट' मिळे. मग तो स्वतः शेती करून राही आणि परवानगीने तिथल्या कैदी बाईशी लग्नही करू शके. अशी नोंद सापडली तर घरातल्या मोठ्यांना एकदम कागद दाखवू नका. आमच्याकडे तसं झालं आणि आजी दोन दिवस जेवली नाही.

नदीकाठ:
टापूवरचीताई, हे मनातही आलं नव्हतं. आत्याशी आधी बोलतो. वीस वर्षांचा हिशोब वाचून अंगावर काटा आला. पुढच्या आठवड्यात रजा टाकून काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात जातो, १८९६ ते ९८चे खंड आधी. काही मिळालं तर इथेच लिहीन.