मदत हवी आहे: १९८७ ची ब्यूक जीएनएक्स, ब्रेकचा पंप सारखा चालू होतो

नमस्कार. मी मिशिगनमध्ये राहतो. मार्चमध्ये १९८७ ची ब्यूक जीएनएक्स (जुनी अमेरिकन टर्बो गाडी) घेतली. एकूण ५४७ च बनल्या, त्यातली ही एक. डॅशवरची नंबराची पट्टी जागेवर आहे, मीटरवर ३,१०० मैल. बरीच वर्षं कव्हरखाली उभी होती.

या गाडीला नेहमीचा व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या निर्वात दाबावर ब्रेकला जोर देणारा डबा) नाही, त्याच कामासाठी विजेच्या पंपावर चालणारं पॉवरमास्टर युनिट आहे. चावी फिरवली की पंप घरघरतो आणि थोड्या वेळात थांबतो. पण नंतर पेडलला नुसता पाय टेकला तरी परत सुरू. रविवारी वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला आणि पेडल दगडासारखं कडक झालं. तेव्हापासून गाडी हलवलेली नाही.

इंजिन बंद ठेवून दहा-बारा वेळा पेडल दाबून दाब उतरवला, मगच ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. जुनं ऑइल काळपट झालं होतं, ते काढून नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. कनेक्टर आणि अर्थिंग साफ केलं. गळती कुठेच नाही. तरी काही फरक नाही.

माझा संशय अॅक्युम्युलेटरच्या गोळ्यावर, म्हणजे पंपाने तयार केलेला दाब साठवणाऱ्या भागावर आहे. मेकॅनिक म्हणतो, सगळं काढून व्हॅक्यूम बूस्टर बसवा. सुट्या भागांच्या खर्चाची तयारी आहे, पण इतकी मूळ रूपातली गाडी बदलायला मन धजत नाही.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगा: दोष गोळ्याचा की प्रेशर स्विचचा (दाबानुसार पंप चालू-बंद करणारा), हे युनिट न उतरवता कसं ओळखायचं? आणि मूळ युनिट जपून ठेवून बूस्टर बसवला, तर संग्राहकांच्या नजरेत किंमत उतरते का?