औषधांच्या ॲपमधला मेनू: आजारानुसार लावायचा की चिठ्ठीनुसार?

कडुनिंब

औषधं विकणाऱ्या ॲपमधला कॅटेगरी मेनू कसा असावा, यावर मला मतं हवी आहेत. माझं आधीच सांगते. घरातल्या ज्या माणसाला दर महिन्याला आईवडिलांची औषधं भरायची असतात, त्याचा विचार करून हे मेनू बनवलेलेच नाहीत. ज्यात नफा जास्त, ते वर आणि ज्याची गरज जास्त, ते कुठेतरी खाली, अशी सगळी मांडणी आहे.

ॲप उघडलं की वर गोल चित्रांची आडवी रांग येते. पहिली चार-पाच चित्रं दिसतात. पुढची बोटाने सरकवावी लागतात, पण ती सरकतात हे कळायला काही खूण नसते. जी दिसतात त्यात प्रोटीन पावडर, केसांचं तेल, सनस्क्रीन, 'इम्युनिटी'. मधुमेहाच्या माणसाची खरेदी घ्या. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स 'डिव्हायसेस'मध्ये, सुया 'सर्जिकल'मध्ये, पायाला लावायचं क्रीम 'स्किन केअर'मध्ये आणि गोळ्या मेनूत कुठेच नाहीत, त्या फक्त सर्च करून मिळतात. आजार एक, माणूस एक, आणि त्याला चार दारं ठोठवायला लावायची.

त्यावर अक्षरांची अडचण. साठीच्या पुढची माणसं फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवतात. तसं केलं की चित्राखालचं नाव 'रक्तदाब मोज…' इथेच तुटतं आणि पुढे तीन टिंबं. चित्रावरून ओळखावं तर बीपीचं यंत्र, नेब्युलायझर आणि वाफारा घ्यायचं मशीन तिन्ही एकाच निळ्या रेघेत काढलेली.

माझ्या मते मेनू आजारानुसार आणि गरजेनुसार लागावा. 'मधुमेह' उघडलं की गोळ्या, इन्सुलिन, सिरिंज, स्ट्रिप्स, पायाची काळजी सगळं एका जागी. एकच वस्तू दोन-तीन ठिकाणी दिसली तरी चालेल. ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-वर्गीकरणातसुद्धा ते रक्त पातळ करणाऱ्या औषधांत आहे आणि वेदनाशामकांतही आहे. जगभरचे तज्ज्ञ एका औषधाला दोन घरं देतात, तर ॲपला काय हरकत आहे?

आणि मेनूतला क्रम ऑफरप्रमाणे दर आठवड्याला हलवू नका. म्हातारी माणसं वाचून कमी, जागेवरून जास्त ओळखतात.

काउंटरमागून

ताई, तळमळ पटली, उपाय पटला नाही. नाशिक जिल्ह्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे काउंटरच्या या बाजूने लिहितो.

आजारानुसार मेनू लावणं म्हणजे माणसाला स्वतःच डॉक्टर व्हायला बोलावणं आहे. 'बीपी' म्हणून दार उघडलं आणि आत ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, ॲटेनोलोल किमतीसकट शेजारी शेजारी मांडलं की माणूस काय करणार? त्याची गोळी महाग वाटली तर शेजारची उचलणार. तिन्ही बीपीच्याच आहेत ना! पण ॲटेनोलोलने नाडीचे ठोके मंदावतात, दमेकऱ्याला ते त्रासाचं ठरू शकतं. टेल्मिसार्टन गरोदर बाईला देत नाहीत. हे मेनूतल्या चित्राला कळत नाही.

१९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी, उगाच नाही. पाकिटावर लाल रेघ असते, आरएक्स लिहिलेलं असतं, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला असतो. २०१३ मध्ये शेड्यूल एच-१ ही आणखी कडक यादी आली. त्यातल्या औषधांसाठी आम्हाला वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ही औषधं दुकानात काउंटरच्या मागे असतात. गिऱ्हाइकाचा हात तिथे पोचत नाही, आणि तो पोचू नये म्हणूनच काउंटर आहे. ॲपमधला आजारानुसार मेनू म्हणजे ते काउंटर काढून टाकल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट. 'मधुमेह' या दारामागे फक्त मेटफॉर्मिन राहणार नाही. कारलं-जांभळाचा रस, कसली तरी चूर्णं, 'शुगर कंट्रोल' कॅप्सूल सगळं तिथे येऊन बसेल. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याने बंद आहे. पण रसाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'मधुमेह' असं दार लावलं, तर वेगळी जाहिरात करायची गरजच उरत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. चिठ्ठीच्या औषधांना मेनूच नको. चिठ्ठीचा फोटो टाका, फार्मासिस्ट वाचेल, औषधं कार्टमध्ये येतील. मेनू ठेवायचा तो कापूस, बँडेज, डायपर, थर्मामीटर अशांचा. तो कसाही लावा.

दुपारची गाडी

ॲपचे मेनू आणि स्क्रीन बनवणं हाच माझा व्यवसाय आहे. मी अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे.

एकच वस्तू अनेक ठिकाणी ठेवायला कडुनिंब ताई सांगतात. कागदावर छान दिसतं, पण वापरताना माणूस बुचकळ्यात पडतो. 'मधुमेह'मध्ये दिसलेल्या स्ट्रिप्स आणि 'डिव्हायसेस'मध्ये दिसलेल्या स्ट्रिप्स एकच आहेत, हे त्याला कळत नाही. तो दोन्हीकडच्या किमती ताडून बघतो, कधी कधी दोन्ही कार्टमध्ये टाकतो. मूळ जागा एकच ठेवा आणि बाकीकडून तिथे नेणारी वाट द्या.

दुसरं, आजाराचं नाव घेऊन खरेदी करायला सगळे तयार नसतात. मूळव्याध, लघवीवरचा ताबा जाणं, मानसिक आजार. चारचौघांत फोन हातात असताना मोठ्या अक्षरात 'मानसिक आजार' असं दार दाबायला माणूस संकोचतो. डायपर त्याला 'रोजची निगा'मध्ये मिळाले तर बरं वाटतं.

खरं विचाराल तर औषधांसाठी सर्चवर मेहनत घ्या. स्पेलिंग चुकलं तरी सापडेल, मराठीत टाइप केलं तरी सापडेल, असं करा. मेनू दुय्यम.

कडुनिंब

@दुपारची गाडी, सर्चवर एवढा भरवसा मला नाही. 'मेट' टाइप करा. खाली मेटफॉर्मिन येतं ते मधुमेहाचं, मेटोप्रोलोल येतं ते बीपीचं, मेट्रोनिडाझोल येतं ते जुलाब-आमांशाचं. तिन्ही एका बोटाच्या अंतरावर. चष्मा बाजूला ठेवलेल्या माणसाला ही यादी दाखवून तुम्ही निवडायला सांगणार?

आणि नाव वाचायचं कुठून? मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव स्ट्रिपच्या दुसऱ्या तुकड्यावर राहून जातं. हातात उरतो चकाकणारा कागद आणि त्यावर अर्धा शब्द. सर्च कुणासाठी? ज्याला नाव नीट ठाऊक आहे त्याच्यासाठी. मेनू हवा तो बाकीच्यांना.

@काउंटरमागून दादा, रसाच्या बाटलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावर उपाय म्हणजे ती बाटली त्या दारातून बाहेर काढा, दार कशाला बंद करता?

अंगणवेल

मी रुग्णालयात मधुमेहाच्या पेशंटना इन्सुलिन घ्यायला शिकवते. इथे सोयीबद्दल बोलणं चाललंय, मला धोक्याबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवायचं काडतूस यू-१०० असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन जातींच्या: यू-४० ला लाल टोपण, यू-१०० ला नारिंगी. यू-१०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात २५ युनिट. साखर धाडकन उतरते, घाम सुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. उलट झालं तर १० च्या जागी ४ युनिट जातात आणि साखर चढतच राहते.

आता ॲपमध्ये बघा. इन्सुलिन एका टोकाला, सिरिंज 'सर्जिकल'मध्ये हातमोजे आणि कापसाच्या शेजारी. सिरिंजच्या फोटोत टोपण धड दिसत नाही. नावात ४० की १०० हे शेवटी येतं आणि शेवट कापला जातो. मुलगा ऑफिसातून घाईत ऑर्डर टाकतो, स्वस्त पडलं ते घेतो.

म्हणून ज्या वस्तू एकत्र वापरायच्या त्या मेनूत एकत्रच आल्या पाहिजेत, यात मी कडुनिंबच्या बाजूने ठाम आहे. यू-४० ची कुपी उघडली की खाली फक्त यू-४० च्या सिरिंज दिसाव्यात. स्ट्रिप्सचंही तेच. एका मीटरच्या स्ट्रिप्स दुसऱ्याला चालत नाहीत, कंपनी तीच असली तरी मॉडेल बदललं की चालतीलच असं नाही. 'तुमचं मीटर कोणतं?' हे आधी विचारा आणि मग स्ट्रिप्स दाखवा.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये राहतो, आईवडील सांगलीत. त्यांची ऑर्डर इथून मीच टाकतो, त्यामुळे दोन्हीकडचं बघतो.

इथे औषधांचे तीन वर्ग आहेत: कुठल्याही दुकानात मिळणारी, फक्त फार्मसीत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली मिळणारी आणि चिठ्ठीवरच मिळणारी. १९९८ पासून पॅरासिटामॉलसुद्धा साध्या दुकानात एका पाकिटात १६ गोळ्यांपर्यंतच मिळतं, फार्मसीत ३२ पर्यंत. सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपमध्ये नेहमीची औषधं मागवताना कॅटेगरी असा प्रकार नाही. डॉक्टरने लिहून दिलेली तुमची यादी दिसते, हवं त्यावर खूण करा, मागणी पाठवा. संपलं.

मी केमिस्टदादांच्या बाजूने आहे. बाबांच्या आठ औषधांसाठी मला मेनू नको, बाबांची यादी हवी. आईची वेगळी. सध्या एका खात्यात दोघांचं सगळं मिसळून येतं आणि 'पुन्हा मागवा' दाबलं की आईची थायरॉइडची गोळी बाबांच्या ऑर्डरमध्ये येते.

काउंटरमागून

@अंगणवेल ताई, सिरिंजचं तुम्ही लिहिलंत ते रोज डोळ्यांसमोर घडतं. मी कुपी देताना सिरिंज हातात घेऊन टोपण दाखवतो. वस्तूंची जोडी लावायला माझा विरोध नाही, तो मुद्दा मी सोडला. पण जोडी चिठ्ठीनंतर लागू दे. चिठ्ठी आली, फार्मासिस्टने यू-४० वाचलं, मग खाली सिरिंज दाखवा. कुणीही यावं आणि 'मधुमेह' दाबून इन्सुलिन चाळत बसावं, हे नको.

चिठ्ठी न लागणाऱ्या वस्तूही कुठेही टाकून चालत नाही, हे मात्र खरं. ओआरएसचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस लिटरभर पाण्यात विरघळवलं की त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या साखर-मिठाच्या कणांची दाटी, २४५ भरते; ते प्रमाण मोजून ठरवलेलं असतं. त्याच्या शेजारी तशाच खोक्यातली गोड पेयं 'ओआरएस' नाव लावून वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव लावायला मनाई केली, ती हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षं लढा दिल्यावर. जुलाब झालेल्या बाळाला ते पेय पाजलं तर जास्तीच्या साखरेने जुलाब वाढतात. आता नाव गेलं, पण मेनूत दोन्ही 'एनर्जी आणि हायड्रेशन' या एकाच दारात राहिली तर आई पुन्हा तेच उचलणार. ओआरएस औषध आहे, ते औषधातच ठेवा.

कडुनिंब

ओआरएसचं अगदी खरं. मीही त्याला 'जुलाब-उलटी' असंच दार देईन, तिथे झिंक असेल आणि शीतपेय एकही नसेल.

पण दादा, चिठ्ठी असेल तरच मेनू, हे मला अजून मान्य नाही. किती घरांत चिठ्ठी धड सापडते? डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेलं असतं, फाइल गावाकडे. पेशंटला एवढंच माहीत असतं की सकाळी पांढरी आणि रात्री पिवळी. विकत देताना चिठ्ठी मागा, जरूर मागा. पण नुसतं बघायलाही बंदी कशाला? 'मधुमेह' उघडून त्याने स्वतःच्या पाकिटाचा फोटो ओळखला, तर निदान फार्मासिस्टला फोनवर बरोबर नाव सांगता येईल.

काउंटरमागून

पाकीट बघून ओळखणं हेच तर मला घाबरवतं. एकाच कंपनीची ५ मिलिग्रॅम आणि १० मिलिग्रॅमची पाकिटं शेजारी ठेवली तर कधी कधी मलाही दोनदा वाचावं लागतं. ओळखायचंच असेल तर पेशंटने रिकामी स्ट्रिप कॅमेऱ्यापुढे धरावी, आणि पलीकडे माणूस असावा.

दुपारची गाडी

वाद घालत बसण्यापेक्षा हे तपासता येतं. चित्रं, रंग, ऑफर सगळं काढून फक्त शब्दांचा मेनू कागदावर मांडायचा. समोरच्याला एक काम द्यायचं आणि तो पहिलं बोट कुठे ठेवतो, कुठून मागे फिरतो, ते लिहून घ्यायचं. साठीच्या पुढची, कधी ॲप न वापरलेली माणसं घेतली की मेनू कुठे फसतो ते लगेच दिसतं. एक मेनू ताईंचा, एक लेस्टरकरांच्या यादीचा. कामं तुम्ही सुचवा.

अंगणवेल

पहिलं काम माझं: 'तुमच्याकडे ही कुपी आहे, तिच्यासाठी सिरिंज शोधा.' कुपी हातात द्या, तोंडाने ४० म्हणू नका.

लेस्टरकर

'फक्त आईची या महिन्याची औषधं भरा.'

काउंटरमागून

माझंही एक घाला. 'घसा दुखतोय, दोन दिवस झाले' एवढंच सांगा. माणूस गुळण्या, चघळायच्या गोळ्या, पॅरासिटामॉल इथवर थांबला तर ठीक. अँटिबायोटिकच्या पानावर पोचला, तर तो मेनू मी नापास धरणार, मग तो वापरायला कितीही सोपा असो.

कडुनिंब

ही अट मंजूर. फक्त जुलाबावर काही शोधणारा माणूस ओआरएस सोडून शीतपेयाच्या पानावर पोचला, तरीही मेनू नापासच धरायचा.