दोन हजार वस्तीचं गाव, गटार थेट ओढ्यात. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) घ्यावा का?

निफाडवाला:
मंडळी जरा सल्ला हवाय. आमचं गाव निफाड तालुक्यात, वस्ती २०००च्या आसपास. घरोघरी नळ आले तसं सांडपाणी पण वाढलं, बंदिस्त गटार झालं पण त्याचं तोंड सोडलंय ओढ्यात आणि ओढ्याच्या कडेलाच विहीर. उन्हाळ्यात ओढ्याला दुसरं पाणीच नसतं, नुसतं काळं आणि वर फेस. आता एका सप्लायरने ग्रामसभेत ब्लोअरवाला, म्हणजे मशीनने पाण्यात हवा सोडणारा एसटीपी दाखवला, सरपंच एकदम खूश. घ्यावा का?

मुरूममाती:
लाईट बिल कोण भरणार ते आधी विचारा. ब्लोअर म्हणजे २४ तास वीज, हवा थांबली की आतले जिवाणू मरतात, मग तो एसटीपी नाही नुसती टाकी. हिशोब बघा, जलजीवनचं (घरोघरी नळाची योजना) रोज माणशी ५५ लिटर, म्हणजे १ लाख १० हजार लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर ८८ हजार लिटर. एवढ्याला स्थिरीकरण तळं भागतं, म्हणजे उथळ तळ्यात सांडपाणी काही दिवस थांबून आपोआप साफ होतं, वीज लागत नाही. दीड मीटर खोल आणि १० दिवस पाणी थांबेल असं धरलं तर ६ गुंठ्यांच्या आसपास जागा, बांध आणि आधीची गाळाची कुंडी धरून १० तरी सोडा. गायरान आहे का गावाला?

पेठची_पोर:
तळं कशाला भाऊ, घरोघरी शोषखड्डे करा ना!! नांदेडकडे अख्खी गावं गटारमुक्त झाली मॅजिक पिटवर, म्हणजे याच शोषखड्ड्यांवर, रोजगार हमीतून झाले. आमच्याकडे पण झालेत, दारातला चिखल गेला, डास पण कमी.

मुरूममाती:
ताई पेठचा मुरूम वेगळा आणि निफाडची काळी जमीन वेगळी. काळी फुगली की पाणी पितच नाही, पावसाळ्यात खड्डा तुंबून उलट अंगणात येतं. फूटभर खड्डा खणा, दोनतीनदा पाणी भरून जिरू द्या, मग परत भरून पातळी किती वेळात उतरते बघा. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. ज्या गल्लीत खाली मुरूम लागतो तिथे करा, फक्त विहिरीपासून १५ मीटर तरी लांब.

गावकी:
एक गोष्ट कुणी बोललं नाही. सेप्टिक टँकचे पाईप किती जणांनी गटारात सोडलेत? आमच्याकडे निम्म्या आळीचे निघाले आणि ग्रामपंचायत म्हणते हे नुसतं मोरीचं पाणी. संडासाचं पाणी असेल तर तळ्याचा आकार बदलतो आणि मोरीच्या पाण्याच्या शोषखड्ड्यात तर ते घालायचंच नाही. पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत ग्रामीण टप्पा २ च्या २०२०च्या नियमात ५००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे तुमचे ५ लाख ६० हजार, त्यातले ३० टक्के ग्रामपंचायतीच्या वित्त आयोग निधीतून. सप्लायरचं कोटेशन किती होतं?

निफाडवाला:
कोटेशन विचारूच नका 😅 ५ लाख साठ हजारात त्याचं शेडपण होणार नाही. गायरान आहे १२ गुंठे, ओढ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे उताराने पाणी जाईल. पण शेजारचा द्राक्षवाला म्हणतो तळ्याचं पाणी मला द्या.

मुरूममाती:
द्राक्षाला नको, कोथिंबीर मेथीला तर अजिबातच नको. घासाला, मक्याला, बांधावरच्या झाडांना द्या. आणि ठरावात दरवर्षी गाळ कोण काढणार त्याचं नाव घाला, नाहीतर चार वर्षांनी तिथे नुसतं गवत दिसेल.